पतंगांची अभ्यासक : मारिया मेरियन

पाठपरिचय :

फुलपाखरे सर्वांना आवडतात. पण अळ्या, सुरवंट आणि रात्री दिव्याभोवती फिरणारे पतंग यांच्याकडे सहसा कोणी कौतुकाने पाहत नाही. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील एका मुलीने या उपेक्षित जिवांशी मैत्री केली आणि ती आयुष्यभर निभावली. चित्रकार व कीटक-अभ्यासक मारिया सिबिला मेरियन हिच्या जीवनाची आणि कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.

पावसाळ्यात संध्याकाळी घरात दिवा लावला, की थोड्याच वेळात त्याच्याभोवती लहानमोठे पतंग घिरट्या घालू लागतात. मराठीत 'पतंग' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दोरीने आकाशात उडवतो तो कागदाचा पतंग आणि दिव्यावर झेप घेतो तो कीटकही पतंगच. उर्दूत या दुसऱ्या पतंगाला परवाना म्हणतात. शमा आणि परवाना यांची जोडी उर्दू शायरीत पदोपदी भेटते. शायरांनी परवान्याचे प्रेम पाहिले. पण हा परवाना येतो कोठून, त्याचे बालपण कसे असते, तो काय खातो, हे प्रश्न फार थोड्या लोकांना पडले. ज्यांना ते पडले आणि ज्यांनी त्यांची उत्तरे स्वतःच्या डोळ्यांनी शोधली, त्यांत मारिया सिबिला मेरियन हिचे नाव आदराने घ्यावे लागेल.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट या शहरात झाला. तिचे वडील मॅथ्यूस मेरियन हे नावाजलेले चित्रकोरक आणि प्रकाशक होते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यावर शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा, असा त्यांचा व्यवसाय होता. शहरांची चित्रे आणि नकाशे असलेले त्यांचे ग्रंथ युरोपभर प्रसिद्ध होते. परंतु मारिया अवघी तीन वर्षांची असताना ते वारले. पुढच्याच वर्षी तिच्या आईने याकोब मारेल या चित्रकाराशी लग्न केले. मारेल फुलांची चित्रे काढण्यात निष्णात होते. त्या काळी मुलींना चित्रकला शिकवण्याची पद्धत नव्हती. पण सावत्र वडिलांनी या मुलीच्या बोटांतील कसब ओळखले. त्यांनी तिला रेखाटन, जलरंग आणि चित्रकोरणीचे शिक्षण दिले. मारेल यांच्या चित्रशाळेत फुलांच्या जोडीला लहानसहान कीटकही रंगवले जात. ते कीटक मिळवण्यासाठी मारिया बागेत आणि शेतात हिंडू लागली. चित्रासाठी कीटक शोधता शोधता तिला कीटकांचाच छंद लागला.

१६६० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, मारियाने रेशमाचे किडे पाळले. ती त्यांना तुतीची, म्हणजेच शहतूतची, पाने खाऊ घाले. मोहरीएवढ्या अंड्यातून बाहेर पडलेली बारीक अळी दिवसरात्र पाने कुरतडते. वाढता वाढता ती चार वेळा कात टाकते. पूर्ण वाढ झाली, की ती खाणे थांबवते आणि तोंडातून निघणाऱ्या धाग्याने स्वतःभोवती कोश विणते. हा धागा शेकडो मीटर लांब असतो. कोशाच्या आत अळीचे रूप पालटते आणि काही दिवसांनी कोश भिजवून, त्याला भोक पाडून एक पांढुरका, लोकरीसारखा मऊ पतंग बाहेर येतो. रेशमाच्या पतंगाला धड उडता येत नाही आणि तो काही खातही नाही. मादी अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत मरते. मारियाने हे सारे जवळून पाहिले, लिहून ठेवले आणि रंगवले.

रेशमाच्या किड्याची ही हकिकत व्यापाऱ्यांना माहीत होती, कारण त्यात पैसा होता. इतर अळ्यांची चौकशी करण्याची गरज कोणाला वाटत नव्हती. किडे चिखलातून, कुजलेल्या पानांतून आणि सडलेल्या मांसातून आपोआप निर्माण होतात, अशी त्या काळी बहुतेकांची समजूत होती. काही विद्वानही तसेच मानत. रेशमाची अळी जशी पतंग होते, तशा कोबीवरच्या, चेरीवरच्या आणि रानातल्या गवतावरच्या अळ्याही कशात तरी बदलत असतील का, हा प्रश्न तेरा वर्षांच्या मारियाला पडला. या एका प्रश्नाने तिच्या आयुष्याची दिशा ठरवली.

ती दिसेल ती अळी घरी आणू लागली. लाकडी पेट्यांत आणि बरण्यांत ती त्यांना ठेवी. ज्या झाडावर अळी सापडली, त्याच झाडाची ताजी पाने तिला रोज द्यावी लागत. दुसरे पान दिले, तर बऱ्याच अळ्या उपाशी मरत. पण आपले ठरलेले पान सोडून दुसरे खात नसत. त्यामुळे अळी आणि झाड यांचे नाते किती घट्ट असते, हे तिच्या ध्यानात आले. काही अळ्या दोन आठवड्यांत पतंग होत, तर काहींचे कोश संपूर्ण हिवाळाभर तसेच पडून राहत. कधी कोशातून पतंगाऐवजी माश्याच बाहेर पडत. कोणी दुसरा असता, तर त्याने कोश फेकून दिला असता. मारियाने तेही लिहून ठेवले. आज आपल्याला माहीत आहे, की काही माश्या आणि गांधीलमाशीच्या जातीचे कीटक अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिले अळीला आतून खातात. मारियाच्या नोंदींत हे निसर्गनाट्य जसेच्या तसे उतरले आहे.

१६६५ मध्ये, अठराव्या वर्षी, तिचा विवाह योहान आंद्रेआस ग्राफ या चित्रकाराशी झाला. तो तिच्या सावत्र वडिलांचाच शिष्य होता. तिला दोन मुली झाल्या. थोरली योहाना १६६८ मध्ये आणि धाकटी डोरोथिया १६७८ मध्ये जन्मली. याच काळात हे कुटुंब न्यूरेंबर्ग शहरात राहायला गेले. घरकाम आणि मुलींचे संगोपन सांभाळून मारिया शहरातील मुलींना चित्रकला व भरतकाम शिकवत असे, रंग तयार करून विकत असे आणि उरलेल्या वेळात आपल्या अळ्यांची देखभाल करत असे. १६७५ पासून तिचे फुलांच्या चित्रांचे पुस्तक तीन भागांत प्रसिद्ध झाले. भरतकाम करणाऱ्या स्त्रियांनी ती चित्रे नमुन्यासाठी वापरली. परंतु तिचे मन खरे गुंतले होते ते सुरवंटांत.

१६७९ साली, म्हणजे पहिल्या रेशमाच्या किड्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, तिचा सुरवंटांवरील ग्रंथ बाहेर पडला. सुरवंटांचे अद्भुत रूपांतर आणि फुलांवरील त्यांचे विलक्षण अन्न, असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. त्यात ५० चित्रे होती. १६८३ मध्ये आणखी ५० चित्रांचा दुसरा भाग निघाला. विद्वानांचे ग्रंथ त्या काळी बहुधा लॅटिन भाषेत असत. मारियाने मात्र आपला ग्रंथ साध्या जर्मन भाषेत लिहिला.

या चित्रांत एक नवीनच गोष्ट होती. त्यापूर्वीच्या पुस्तकांत कीटक पानावर सुटे सुटे, ओळीने मांडलेले असत. मारियाने एकाच चित्रात ते झाड दाखवले, त्याचे कुरतडलेले पान दाखवले, त्यावरची अंडी, अळी, कोश आणि शेवटी पंख पसरलेला पतंगही दाखवला. एका पानावर एका जिवाचे सारे आयुष्य! चेरीच्या फुललेल्या फांदीवर तिने एम्परर नावाचा सुंदर पतंग काढला आहे. एम्परर म्हणजे सम्राट. या पतंगाच्या चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक ठिपका असतो. अचानक पंख उघडले, की शत्रू दचकतो. नराच्या डोक्यावरील मिशा पिसासारख्या रुंद असतात आणि त्यांच्या साहाय्याने तो फार दूर असलेल्या मादीचा गंध ओळखतो. मादीच्या मिशा त्यामानाने साध्या असतात. या पतंगाची अळी भरपूर खाते. पण पतंग झाल्यावर तो काहीच खात नाही. अळीपणी साठवलेल्या शक्तीवरच तो आपले उरलेले थोडे दिवस काढतो.

पतंग आणि फुलपाखरू यांत फरक कोणता? दोघांच्याही पंखांवर बारीक खवले असतात. पंखाला बोट लावले, तर जी भुकटी हाताला लागते, ते हे खवले होत. म्हणून या साऱ्या कीटकांना खवलेपंखी कीटक म्हणतात. फुलपाखरांच्या मिशा काठीसारख्या असून त्यांच्या टोकाला गाठ असते. पतंगांच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. फुलपाखरू बसल्यावर बहुधा पंख पाठीवर मिटून घेते. पतंग ते आडवे पसरतो किंवा घराच्या छपरासारखे उतरते ठेवतो. पतंगाचे शरीर बहुधा जाड आणि केसाळ असते. पुष्कळशा पतंगांच्या अळ्या रेशमी कोश विणतात किंवा मातीत शिरून रूप बदलतात. फुलपाखरे दिवसा उडतात, तर बहुतेक पतंग रात्री उडतात. मात्र या प्रत्येक नियमाला अपवाद आहेत. एम्परर पतंगाचा नर तर भर दुपारी उडतो.

मारियाच्या काळी जर्मन भाषेत फुलपाखरांना उन्हाळी पाखरे म्हणत आणि डच भाषेत रात्रीच्या पतंगांना छोटी घुबडे म्हणत. दिवसा उडणारे आणि रात्री उडणारे, असे या कीटकांचे दोन गट मारियानेही मानले. परंतु नुसत्या रूपावरून गट पाडण्यावर तिचा भर नव्हता. कोण कोणापासून जन्मतो, काय खातो, केव्हा रूप बदलतो, हे तिला अधिक महत्त्वाचे वाटे.

संसारात मात्र तिला सुख लाभले नाही. पतीशी तिचे पटेनासे झाले. सावत्र वडिलांच्या मृत्यूनंतर ती आईच्या आधारासाठी फ्रँकफुर्टला परतली. १६८५ च्या सुमारास आई आणि दोन्ही मुलींना घेऊन ती हॉलंडच्या उत्तर भागातील एका धार्मिक समूहात राहायला गेली. तेथे साधे आणि कडक शिस्तीचे जीवन होते. तेथेही ती दलदलीतील बेडकांची वाढ पाहत असे. आईच्या निधनानंतर, १६९१ साली, ती मुलींसह अ‍ॅम्स्टरडॅमला आली. १६९२ मध्ये तिचा घटस्फोट झाला. तिने पुन्हा वडिलांचे मेरियन हे आडनाव लावले आणि चित्रे विकून व शिकवण्या करून घर चालवले.

अ‍ॅम्स्टरडॅम हे त्या वेळी जगातील एक मोठे व्यापारी बंदर होते. दूरदूरच्या देशांतून येणारी जहाजे मसाल्यांबरोबर शंख-शिंपले आणि कीटकही आणत. शहरातील श्रीमंत लोकांच्या संग्रहांत परदेशी पतंग आणि फुलपाखरे टाचणीने टोचून ठेवलेली असत. मारियाने ते संग्रह पाहिले. रंग पाहून तिचे डोळे दिपले. पण तिचे समाधान झाले नाही. हे पतंग कोणत्या अळीपासून झाले? त्या अळ्या कोणते पान खात होत्या? या प्रश्नांचे उत्तर संग्रहाच्या मालकांपाशी नव्हते. मेलेला पतंग आपली गोष्ट सांगू शकत नाही. ती ऐकायची असेल, तर तो जेथे जगतो तेथेच गेले पाहिजे, असे तिने ठरवले.

दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम ही त्या वेळी डच लोकांची वसाहत होती. मारियाने आपल्याजवळची चित्रे विकून प्रवासाचा खर्च जमवला. समुद्रप्रवासाचा भरवसा नसल्यामुळे तिने मृत्युपत्रही करून ठेवले. १६९९ च्या जून महिन्यात, वयाच्या ५२ व्या वर्षी, धाकट्या मुलीला, डोरोथियाला, सोबत घेऊन ती जहाजात बसली. कोणी राजा किंवा व्यापारी कंपनी तिला पाठवत नव्हती आणि सोबत कोणी पुरुष नातेवाईकही नव्हता. केवळ कीटकांचा अभ्यास करण्यासाठी एका स्त्रीने स्वतःच्या खर्चाने असा प्रवास करणे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

सुरिनाममध्ये उसाचे मोठमोठे मळे होते. मळ्यांचे मालक साखरेशिवाय दुसरा विचारच करत नसत. साखर सोडून अळ्या शोधणाऱ्या या बाईची ते थट्टा करत. मारियाने तिकडे लक्ष दिले नाही. कडक ऊन, दमट हवा आणि मुंग्यांचा उपद्रव सोसत मायलेकी जंगलात हिंडत. वाट काढण्यासाठी कुऱ्हाडीने काटेरी झुडपे तोडावी लागत. सापडलेल्या अळ्या घरी आणून पेट्यांत ठेवायच्या, त्यांना खाऊ घालायचे, रूप बदलले की लगेच चित्र काढायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

या कामात तिला स्थानिक आदिवासींनी आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी मदत केली. जंगलाचे ज्ञान त्यांच्यापाशी होते. कोणते झाड औषधी आहे आणि कोणते विषारी, हे तिने त्यांच्याकडूनच जाणून घेतले आणि तसे ग्रंथात प्रांजळपणे लिहिले. डच मालक गुलामांना किती निर्दयपणे वागवतात, याचीही नोंद तिने केली. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. तिच्यासाठी कुऱ्हाड चालवणारे हात गुलामांचेच होते आणि त्यांची नावे तिच्या ग्रंथात कोठेही नाहीत. ज्ञानाच्या इतिहासात अशी कितीतरी माणसे निनावी राहिली आहेत.

सुरिनाममध्ये तिने पाहिलेले जग अद्भुत होते. डाळिंबाच्या झाडावर तिला निळ्या, चकाकत्या पंखांचे एक मोठे फुलपाखरू मिळाले. भिंगातून पाहिल्यावर त्याच्या पंखांवरील खवले छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले दिसले. संत्र्याच्या जातीच्या झाडावर तिला रेशीम विणणारी एक मोठी अळी सापडली. तिचा धागा इतका मजबूत होता, की त्यापासून चांगले रेशीम निघेल असे मारियाला वाटले. तिने काही कोश हॉलंडला पाठवूनही दिले. या पतंगाचेच दूरचे भाऊबंद आपल्या विदर्भातही आहेत. गडचिरोली आणि भंडारा या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन यांच्या झाडांवर तसर रेशमाच्या अळ्या वाढवल्या जातात. तो तसरचा पतंग आणि सुरिनामचा तो रेशमी पतंग एकाच कुळातले आहेत. पंख पसरले असता जवळजवळ एक फूट भरणारा पांढुरका, नागमोडी रेघांचा एक प्रचंड पतंगही तिने रंगवला. पंखांच्या लांबीत जगातील कोणताही पतंग त्याच्यापेक्षा फारसा मोठा नाही.

सुरिनाममध्ये पाच वर्षे राहण्याचा तिचा विचार होता, असे मानतात. पण तेथील हवा तिला मानवली नाही. तापाने ती इतकी खचली, की जिवावर बेतले. दोन वर्षांनी, १७०१ साली, ती अ‍ॅम्स्टरडॅमला परतली. सोबत चित्रे, टिपणे आणि वाळवलेले कीटक होते. १७०५ मध्ये तिचा सुरिनामच्या कीटकांवरील भव्य ग्रंथ डच आणि लॅटिन या दोन भाषांत प्रसिद्ध झाला. त्यात ६० मोठी चित्रे होती आणि कीटक त्यांच्या खऱ्या आकारात दाखवले होते. ग्रंथाच्या छपाईसाठी तिने उत्तम कागद आणि निष्णात कारागीर वापरले. त्यातून नफा मिळावा असा तिचा हेतू नव्हता. खर्च भरून निघाला तरी पुरे, असे तिला वाटे.

या ग्रंथात काही चुकाही आहेत. एका कीटकाचे डोके रात्री दिव्यासारखे प्रकाशते, असे तिने लिहिले. पुढे ते खरे ठरले नाही. काही चित्रांत अळी एकाची आणि पतंग दुसऱ्याचा, असेही घडले आहे. उलट एका खऱ्या गोष्टीवर लोकांनी विश्वास ठेवला नाही. पेरूच्या फांदीवर एक मोठा कोळी लहानशा पक्ष्याला खात आहे, असे चित्र तिने काढले होते. घरात बसून टीका करणाऱ्यांनी ते खोटे ठरवले. दीडशेहून अधिक वर्षांनी, १८६३ मध्ये, हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने अ‍ॅमेझॉनच्या जंगलात असा कोळी आणि त्याने मारलेले पक्षी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर मारियाची बाजू खरी ठरली.

१७१५ मध्ये मारियाला पक्षाघाताचा झटका आला. तरीही तिने होईल तेवढे काम चालू ठेवले. १३ जानेवारी १७१७ रोजी अ‍ॅम्स्टरडॅम येथे तिचे निधन झाले. तिच्याजवळ फारशी संपत्ती उरली नव्हती. त्याच वर्षी डोरोथियाने सुरवंटांच्या ग्रंथाचा तिसरा भाग प्रसिद्ध करून आईचे काम पूर्ण केले. रशियाचा सम्राट पीटर याच्यासाठी मारियाची पुष्कळ चित्रे विकत घेण्यात आली. डोरोथिया पुढे रशियात गेली आणि तेथील शास्त्रसंस्थेत चित्रकार म्हणून काम करू लागली. मारियाने लहानपणापासून जपलेली टिपणांची वहीदेखील आज रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे सुरक्षित आहे.

मारियाच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी, १७५८ मध्ये, कार्ल लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वर्गीकरणाचा आपला प्रसिद्ध ग्रंथ नव्याने काढला. त्यात त्याने खवलेपंखी कीटकांचे तीन गट केले. पहिला फुलपाखरांचा, दुसरा निमुळत्या पंखांच्या, वेगाने उडणाऱ्या मोठ्या पतंगांचा, आणि तिसरा बाकीच्या सर्व पतंगांचा. या तिसऱ्या गटाचे त्याने पुन्हा सात भाग पाडले. त्यांपैकी एकाचे नाव घुबडावरून ठेवले, तर दुसऱ्याचे जमीन मोजणाऱ्यावरून, कारण त्या पतंगांच्या अळ्या वितीवितीने माप घेतल्यासारख्या चालतात. लिनिअस स्वतः सुरिनामला कधी गेला नाही. तेथील अनेक पतंगांना नावे देताना त्याने मारियाच्या चित्रांचा आधार घेतला. जी बाई कोणत्याही विद्यापीठात शिकली नव्हती, तिची चित्रे शास्त्रज्ञांसाठी पुरावा ठरली.

आज खवलेपंखी कीटकांच्या सुमारे १,६०,००० जाती शास्त्राला माहीत आहेत. त्यांत फुलपाखरांच्या जाती २०,००० हूनही कमी आहेत. बाकी सगळे पतंगच. शास्त्रज्ञ आता असे मानतात, की फुलपाखरे ही पतंगांच्याच विशाल वंशवृक्षाची एक फांदी आहे. ज्याला आपण क्षुद्र किडा समजून झटकून टाकतो, तो रंगीत फुलपाखराचा जणू थोरला भाऊच आहे.

जर्मनीने मारियाची स्मृती जपली आहे. १९९२ मध्ये निघालेल्या ५०० मार्कच्या नोटेवर तिचे चित्र होते. नोटेच्या मागच्या बाजूला एका रानफुलाच्या झाडावर अळी आणि पतंग होता. २००२ साली युरो हे नवे चलन प्रत्यक्ष वापरात आले आणि त्या नोटा व्यवहारातून गेल्या. २००६ पासून समुद्राचे संशोधन करणारे एक जर्मन जहाज तिचे नाव घेऊन सागरावर फिरू लागले.

मारियापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. काही पेट्या, एक भिंग, रंगांची डबी आणि अपार सबुरी एवढेच तिचे साहित्य होते. अळीचा पतंग होण्यासाठी जितके दिवस लागतात तितके दिवस थांबण्याची तिची तयारी होती. लोक काय म्हणतात यापेक्षा आपल्या डोळ्यांना काय दिसते, याला तिने अधिक किंमत दिली. आज रात्री दिव्याजवळ एखादा परवाना आला, तर त्याला हाकलण्यापूर्वी क्षणभर नीट पाहा. त्याच्या मिशा कशा आहेत? तो पंख कसे ठेवतो? पंखांवर ठिपके आहेत की रेघा? एवढे पाहिलेत आणि वहीत लिहून ठेवलेत, तर मारिया मेरियनच्या वाटेवर तुमचे पहिले पाऊल पडले असे समजा.

शब्दार्थ :

उपेक्षित – ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही असा
पदोपदी – पावलोपावली, वारंवार
चित्रकोरक – धातूच्या पत्र्यावर चित्र कोरणारा कारागीर
निष्णात – कुशल, तरबेज
सुरवंट – अंगावर केस असलेली अळी
कोश – अळीने स्वतःभोवती विणलेले वेष्टन
रूपांतर – रूप बदलणे
संगोपन – पालनपोषण, परवरिश
वसाहत – परक्या लोकांच्या ताब्यातील प्रदेश
प्रांजळपणे – मोकळ्या मनाने, खरेपणाने
पक्षाघात – लकवा, फालिज
वीत – पसरलेल्या पंजाच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर
सबुरी – धीर, सब्र

स्वाध्याय :

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मारियाचा जन्म कोठे व केव्हा झाला?
(आ) मारियाने वयाच्या तेराव्या वर्षी कोणते किडे पाळले?
(इ) मळ्यांचे मालक मारियाची थट्टा का करत?
(ई) पतंगाच्या पंखाला बोट लावल्यावर हाताला काय लागते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मारियाच्या चित्रांत कोणती नवीन गोष्ट होती?
(आ) पतंग आणि फुलपाखरू यांतील फरक सांगा.
(इ) अ‍ॅम्स्टरडॅममधील संग्रह पाहून मारियाचे समाधान का झाले नाही?

प्र. ३. मारियाला मदत करणाऱ्या गुलामांची नावे ग्रंथात नाहीत. याविषयी तुम्हांला काय वाटते, ते पाच-सहा ओळींत लिहा.

प्र. ४. पुढील शब्दांचे दोन-दोन अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
पतंग, पान, माप

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
डोळे दिपणे, जिवावर बेतणे, घिरट्या घालणे, बाजू खरी ठरणे

उपक्रम : आठवडाभर रोज रात्री दिव्याजवळ येणाऱ्या पतंगांचे निरीक्षण करा. त्यांचा रंग, आकार, मिशा आणि बसण्याची पद्धत यांची नोंद ठेवा आणि वर्गात वाचून दाखवा.